जुन्या ऑर्गनचं ध्वनिमुद्रण करून घेतलं, त्याबद्दल

आमच्या चॅपेलमधला जुना पाइप ऑर्गन काढून नवा बसवायचा ठरला. मी त्याच्यावरच वाजवायला शिकले, म्हणून आधी त्याचं ध्वनिमुद्रण करून घेतलं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मंडळींनी एकेक पाइप वेगळा टिपला, पट्टी सोडल्यावर घुमणारा नाद पूर्ण विरेपर्यंत. १६ फुटी स्टॉपचा (स्टॉप म्हणजे एकाच जातीच्या आवाजाच्या पाइपांचा संच) सगळ्यात खालचा सूर सुमारे ३३ हर्ट्झचा असतो, तो कानापेक्षा छातीतच जास्त जाणवतो. मोबाइलवर मी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तो नव्हताच, यांच्या ध्वनिमुद्रणात आहे. भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट त्यांनी पुसली नाही, त्यासाठी मनापासून आभार. एक मात्र खटकलं: आधी ट्यूनिंग करून घ्या, असं कुणी सांगितलं नाही. दोन रीड पाइप (धातूची पातळ पट्टी थरथरून वाजणारे) ध्वनिमुद्रणात आता कायमचे बेसूर राहिले.