जळगावचं खाऱ्या पाण्याच्या माशांचं दुकान : दोन वर्षांचा अनुभव

भुसावळला माझं मेडिकल आहे आणि घरी दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी. ती मांडली तेव्हा जवळपास कुठे समुद्री मासे मिळतात हेच माहीत नव्हतं, म्हणून पहिला मासा मुंबईच्या एका दुकानातून पार्सलने मागवला. कॉपरबँड बटरफ्लाय. पांढरं अंग, त्यावर नारिंगी उभे पट्टे आणि चिमट्यासारखं लांब तोंड. ते तोंड दगडांच्या फटीतले किडे टिपायला असतं, टाकीत पडलेले गोळीखाद्याचे दाणे तो बहुधा ओळखतच नाही. हे विकणाऱ्याने सांगितलं नाही. अकरा दिवस तो दाण्याजवळ यायचा, बघायचा, वळायचा. आई रोज टाकीपाशी बसून विचारायची, "भाऊ, हाऊ काबर खात नही रे?" शेवटी डोक्यामागची पाठ खोल गेली आणि बाराव्या दिवशी सकाळी तो पंपाच्या जाळीला चिकटलेला सापडला. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यानंतर कोणीतरी जळगावच्या या दुकानाचं सांगितलं. गल्ली लहान आहे, बाहेर गोड्या पाण्याचे गप्पी-मॉली, आत पडद्यामागे खाऱ्या पाण्याच्या आठ टाक्या. मी पुन्हा कॉपरबँडच मागितला. दुकानाच्या मालकांनी, म्हणजे भाऊंनी, एक शिंपला फोडून टाकीत सोडला आणि म्हणाले, "खातो का बघा." माशाने दोनदा चोच लावली आणि सोडून दिलं. "आज नाही द्यायचा. पुढच्या आठवड्यात या." मी तीन आठवडे जात होतो. चौथ्या खेपेला त्याने शिंपल्यातलं मांस ओढून ओढून खाल्लं, तेव्हाच तो माझ्या पिशवीत आला. तो आज दीड वर्षाचा सोबती आहे.

नवीन माल आला की दोन आठवडे विक्री बंद, हा इथला नियम. आजारी माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके येतात ते याच काळात कळतं. या टाक्यांत खारटपणा मुद्दाम कमी असतो. म्हणून पिशवीवर मार्करने खारटपणाचा आकडा (पाण्याचं विशिष्ट गुरुत्व) लिहून मिळतो, माझ्या वेळी १.०२० होता. माझ्या टाकीत १.०२५. घरी आल्यावर सलाईनची नळी लावून थेंब थेंब पाणी सोडलं, दोन तास. भाऊंनी बजावलं होतं की हे जळगाव-भुसावळच्या पाऊण तासाच्या पिशवीला चालतं. रात्रभर प्रवास करून आलेल्या पिशवीत अमोनिया साचलेला असतो. तोंड उघडलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पाण्याचा पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तिथे असं रेंगाळायचं नाही. माझा पहिला कॉपरबँड रात्रभरच्याच पिशवीतून आला होता आणि त्यालाही मी तासन् तास थेंब सोडले होते.

मँडरिन मासा मात्र मला अजून मिळालेला नाही. निळ्या-नारिंगी नक्षीचा, बोटाएवढा. तो दिवसभर दगडांवरचे बारीक जिवंत किडे टिपत असतो, आणि ते वर्षभर जुन्या टाकीतच पुरेसे होतात. माझी तेव्हा पाच महिन्यांची होती. पैसे काउंटरवर ठेवले तरी भाऊंनी घेतले नाहीत, त्याऐवजी क्लाउनफिशची जोडी दिली, टाकीतच जन्मलेली, अकराशेला. समुद्री घोडा कोणी मागितला तर तो २००१ पासून वाघाच्या रांगेतला, कायद्याने पहिल्या अनुसूचीतला, हे स्पष्ट सांगून परत पाठवतात. मी समोर उभा असताना एका माणसाला पाठवलं.

आता उन्हाळ्याचं. खान्देशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि या माशांना पंचवीस-सव्वीस हवं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, मासे वर येऊन धापा टाकतात. शिवाय माझ्या टाकीतून तेव्हा दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पहिल्या मे महिन्यात मी खारं पाणीच भरत राहिलो, आकडा १.०२९ झाला आणि क्लाउनफिश कोपऱ्यात जाऊन बसले. फोन केला तर दहा मिनिटांत उलगडा: भरायचं ते आरओचं गोडं पाणीच, आणि एकदम नाही.

तक्रारीही आहेत. चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र, मला इथून अठ्ठावीस हजारांना पडला, नंतर तोच दुसरीकडे तीन हजारांनी स्वस्त दिसला. घरी येऊन बसवून देत नाहीत. वीज गेल्यावर चिलर इन्व्हर्टरवर ओढत नाही, हे घेताना सांगायला हवं होतं. आता मी बर्फाच्या बंद बाटल्या फ्रीझरमध्ये तयार ठेवतो. रविवारी तर गर्दीत भाऊंशी दोन शब्द बोलायला मिळत नाहीत.

जायचं असेल तर मंगळवार-बुधवारी सकाळी जा, ते मासे चारत असतात. थर्माकोलचा डबा घरून न्या, आणि तुमच्या टाकीच्या पाण्याची लहान बाटली भरून घ्या. ते तपासल्याशिवाय भाऊ मासा दाखवायलाही उठत नाहीत.