नान खलिया, धपाटे अन् क्राफ्ट बिअर, संभाजीनगरात एकदा खाऊन बघाच

आपल्याकडं बिअर म्हणलं की सोबत मसाला शेंगदाणे नाहीतर चिकन सिक्स्टी फाइव्ह, त्याच्या पुढं कुणी विचारच करत नाही. एमआयडीसीत एवढ्या मोठमोठ्या बिअरच्या कंपन्या आहेत पण गावात मागणार ती स्ट्राँगच, तीही दात शिवशिवतील इतकी गार. पुण्यात २००९ ला डूलाली हा स्वतःची बिअर बनवणारा पब सुरू झाला तेव्हापासून तिकडच्या लोकांना क्राफ्ट बिअरची, म्हणजे थोड्या प्रमाणात वेगवेगळ्या चवीच्या बनवलेल्या बिअरची, सवय लागली, आपल्याकडं आता कुठं कोणी हिंमत करतंय, म्हणून इथल्या एका हॉटेलात प्रत्येक डिशसोबत वेगळी बिअर देतात हे कळल्यावर लगेच टेबल बुक केलं.

सुरुवातीला छोटे छोटे ज्वारीचे धपाटे येतात, वर घट्ट दही अन् हिरव्या मिरचीचा ठेचा, सोबत विटबिअर. ही बेल्जियमकडची गव्हाची बिअर, धने आणि संत्र्याची साल घालून करतात, दिसायला गढूळ पिवळी अन् कडवटपणा जवळपास नाहीच. धपाट्यातली कोथिंबीर, जिरं आणि बिअरमधले धने असे काही जुळतात की पहिल्या घासालाच कळतं शेफनं डोकं लावलंय. ठेचा झोंबला की एक घोट, परत धपाटा. मला तर वाटतं नुसते धपाटे अन् विटबिअर एवढ्यासाठी सुद्धा इथं यावं.

मग नान खलिया, म्हणजे मटणाचा तर्रीदार रस्सा अन् नान. मोहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा त्याच्या फौजेसोबत हे जेवण इकडं आलं असं म्हणतात, आणि शहरात ते चांगलं मिळणाऱ्या जागा आपल्याला माहीतच आहेत. इथला खलिया त्यांच्या तोडीचा आहे, मटण हाडावरून आपसूक सुटतं, वर लालभडक तर्री, नान मऊ. पण याच्यासोबत मेनूत आयपीए (इंडिया पेल एल, कडवट बिअर) दिलीय आणि ते अजिबात जमत नाही. आयपीएत हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, भरपूर, कडवटपणा ४० ते ७० आयबीयू (कडवटपणा मोजायचं माप), गव्हाच्या बिअरमध्ये तो साधारण १०-१५ असतो. तिखटावर कडू अन् फेसाळ गेलं की आग अजून वाढते, खलियाच्या मसाल्याची चव राहते बाजूला आणि घसा नुसता पेटतो. वेटर दादाला सांगितलं तर त्यानं काही न बोलता ब्राऊन एल आणून दिली, लई चांगला पोरगा. तिच्यात भाजलेल्या माल्टचा (मोड आणलेल्या बार्लीचा) गोडसरपणा असतो, तो तर्रीला सांभाळून घेतो आणि भाजलेल्या खोबऱ्याची चव उलट जास्त लागते. मेनूत हाच बदल करा राव, बाकी काही नको.

दुसरी तक्रार ग्लासची. फ्रीझरमधले बर्फ धरलेले ग्लास देतात, दिसायला भारी पण इतक्या गार बिअरचा वासच येत नाही आणि क्राफ्टचे पैसे तर त्या वासाचेच असतात. ब्राऊन एल, स्टाऊट (काळी बिअर) ८ ते १२ डिग्रीला प्यायची असते, साधा ग्लास मागून घ्या अन् पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा.

शेवटी गोड. कुंथलगिरीचा पेढा आणि स्टाऊट. पेढा अन् बिअर ऐकून माझी बायको म्हणली हे काय भलतंच, अन् नंतर माझ्या प्लेटमधला पण तिनंच संपवला. कुंथलगिरीचा खवा चांगला खरपूस भाजलेला असतो, स्टाऊटमध्ये बार्ली कॉफीसारखी काळी भाजलेली, दोन्हीकडं करपायच्या जराशा अलीकडचा तोच स्वाद, फक्त एक गोड अन् एक कडू. पेढ्याचा कण तोंडात विरघळत असतानाच घोट घ्यायचा, आधी खाऊन टाकायचा नाही. एवढी सुंदर जोडी मी पुण्यातही खाल्ली नाही.

शाकाहारी लोकांसाठी मात्र मधल्या डिशला पनीरच आहे, येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी-भाकरी ठेवली असती तर त्याच ब्राऊन एलसोबत कडक लागली असती. ग्लास अर्धा मागता येतो, तोच मागा, नाहीतर पेढ्यापर्यंत पोट भरतं. गाडी घेऊन जाऊ नका. आणि शनिवार-रविवारी बुकिंग करताना पेढा शिल्लक आहे का ते आधी विचारा, नऊनंतर संपतो.