शाळेच्या पहिल्या वर्षाविषयी : दोन दत्तक मुलांच्या आईचा अभिप्राय

ही शाळा कोणती, हे मी लिहिणार नाही. मुले तिथेच शिकत आहेत आणि आपली गोष्ट कुणाला सांगायची, हे मोठेपणी त्यांनीच ठरवावे. नाशिकमधील, एका जुन्या संस्थेने चालवलेली अनुदानित मराठी प्राथमिक शाळा, एवढी ओळख पुरे. ज्यांनी पाच-सहा वर्षांची किंवा त्याहून मोठी मुले दत्तक घेतली आहेत अथवा घेण्याचा विचार चालवला आहे, अशा पालकांसाठी मी हे लिहीत आहे, कारण शाळेची निवड करताना आमच्या हाती असा एकही अभिप्राय नव्हता.

केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे सगळे ज्याला ‘कारा’ म्हणतात त्याच्या प्रक्रियेतून ही सख्खी भावंडे आमच्या घरी आली, तेव्हा थोरली ९ वर्षांची आणि धाकटा ६ वर्षांचा होता. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकविधानाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, ही गोष्ट शाळेच्या कार्यालयात कुणाला ठाऊक नव्हती, त्यामुळे ‘कोर्टाचा कागद आणा’ असे आम्हाला ऐकवण्यात आले. ते एक वेळ समजू शकते. परंतु खिडकीशी रांग लागलेली असताना, दोन्ही मुले माझा हात धरून उभी असताना, ‘ही दत्तक आहेत का?’ असे मोठ्या आवाजात विचारण्याचे काहीच कारण नव्हते. मुख्याध्यापिकांनी आम्हाला आत बोलावून घेतले, आदेशाची प्रत वाचली आणि जनरल रजिस्टरमध्ये आमच्याच नावांसह दोघांची नोंद करून घेतली. शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचे असते, म्हणून थोरलीला चौथीत प्रवेश मिळाला. तिचे वाचन मात्र जेमतेम पहिलीचे होते.

खरी परीक्षा शाळेची होती ती इथेच, आणि चौथीच्या बाईंनी जे केले त्यासाठी मी हा अभिप्राय लिहायला बसले, असे म्हटले तरी चालेल. जोडाक्षर समोर आले की थोरली शब्द गिळून टाकायची, वर्गात कुणी हसले की पुस्तक मिटून गप्प बसायची. तिला पहिलीचे बालभारती वाचायला दिले असते तर ती अपमानाने आणखी मिटली असती. बाईंनी तिच्यावर वेगळेच काम सोपवले : आठवड्यातून दोनदा शेवटच्या तासाला पहिलीच्या वर्गात जाऊन लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवायची. गोष्ट सोपी, अक्षरे मोठी आणि ऐकणारे सगळे तिच्याहून लहान. त्या वर्गात तिचा भाऊही असल्यामुळे ती आदल्या रात्री स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचायची. सरावासाठी तिच्यामागे लागण्याची वेळ आमच्यावर एकदाही आली नाही. मार्चमध्ये तिने घरी आलेले वीजबिल हातात घेतले आणि ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’, ‘इंधन समायोजन आकार’, ‘वीज शुल्क’ असे सगळे खणखणीत आवाजात, एकही जोडाक्षर न गिळता वाचून दाखवले. एवढ्या आनंदाने वीजबिल ऐकणारे दुसरे कुटुंब त्या दिवशी नाशिकमध्ये असेल, असे मला वाटत नाही.

धाकट्याची अडचण वेगळी होती. डब्यातील निम्मी पोळी तो खायचा आणि उरलेली कंपासपेटीत, दप्तराच्या चोरकप्प्यात, कधी मोज्यात लपवून ठेवायचा. बालगृहासारख्या संस्थेत वाढलेल्या मुलांमध्ये अन्न साठवून ठेवण्याची ही सवय आढळते, आणि तिला चोरी किंवा अस्वच्छता मानून शिक्षा केली की ती अधिकच घट्ट होते. शाळेने शिक्षा केली नाही. पहिलीच्या बाईंनी वर्गातील कपाटात त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेला कुरमुऱ्यांचा डबा ठेवला आणि तो कधीही उघडायची मुभा दिली. पहिले काही आठवडे तो तासातासाला जाऊन डबा जागेवर आहे की नाही एवढेच पाहून यायचा. दिवाळीनंतर त्यातले कुरमुरे मऊ पडले, तरी त्याला पत्ता नव्हता. कारण तोवर मधल्या सुट्टीत लंगडीचा डाव रंगू लागला होता.

याच शाळेने वर्गाच्या भिंतीवर लावण्यासाठी ‘प्रत्येकाने आपला तान्हेपणीचा फोटो आणावा’ अशी सूचनाही काढली होती. आमच्याकडे असा फोटो नाही. बाईंशी बोलल्यावर चौथीत ‘आवडता फोटो’ असा बदल झाला, पण पहिलीत जुनीच सूचना तशीच राहिली आणि ती बदलून घेण्यासाठी मला पुन्हा जावे लागले. एका शिक्षिकेला उमजलेली गोष्ट शेजारच्या वर्गापर्यंत पोहोचत नाही, हा या शाळेचा मोठा दोष आहे. चांगले जे घडते ते व्यक्तींमुळे घडते, पद्धत म्हणून नाही. पालकसभा आठवड्याच्या मधल्या वारी भर दुपारी ठेवणे, स्नेहसंमेलनाच्या पोशाखांचा खर्च ऐन वेळी सांगणे आणि स्वच्छतागृहांची अवस्था या तक्रारी इतर पालकही करतील, म्हणून त्यांचा विस्तार करत नाही.

१ मे रोजी प्रगतिपत्रके मिळाली. थोरलीला मराठीत ब-२ आणि गणितात क-१ श्रेणी आहे. इमारतीतील तिच्या मैत्रिणींकडे अ-१ आणि अ-२ यांची रेलचेल असल्याने मी सांगितलेल्या श्रेणींवर शेजाऱ्यांनी सौजन्याने विषय बदलला. मला मात्र वर्णनात्मक नोंदींचा रकाना अधिक मोलाचा वाटला, कारण त्यात तिची तुलना वर्गाशी नसून जूनमधल्या तिच्याशीच केलेली होती, आणि ती अशा ठाम तपशिलाने केलेली होती की लिहिणाऱ्या बाईंनी वर्षभर तिच्याकडे पाहिले आहे, हे ओळीओळीतून दिसत होते. दत्तकविधानानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, मुलांचा पाठपुरावा अहवाल तयार होतो. त्यासाठी घरी आलेल्या समाजसेविकेपुढे थोरलीने ते प्रगतिपत्रक स्वतः वाचून दाखवले. श्रेणी तिने गाळल्या नाहीत, हे पाहून माझी मान अधिकच ताठ झाली.

पाचपैकी चार तारे. एक तारा कार्यालयाच्या खिडकीसाठी आणि त्या फोटोच्या सूचनेसाठी कापला आहे. ही शाळा चौथीपर्यंतच असल्याने थोरली आता याच संस्थेच्या माध्यमिक शाळेत पाचवीला जाईल, जिथे २०२३-२४ पासून पुन्हा वार्षिक परीक्षा सुरू झाली आहे आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा द्यावी लागते. तिथला अनुभव आला की त्याविषयी स्वतंत्रपणे लिहीन. प्राथमिकला प्रवेश घेणाऱ्या दत्तक पालकांनी आदेशाच्या दोन साक्षांकित प्रती आणि नवा जन्मदाखला बरोबर ठेवावा, मुलांना पहिल्या फेरीत नेऊ नये, आणि खिडकीशी न थांबता थेट मुख्याध्यापिकांची वेळ मागून घ्यावी.