शाळा आधीच बांधलेली होती: नेपाळमधल्या 'स्वयंसेवा शिबिरा'त आमचे २,१७,८०० रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकते. २,१७,८०० रुपये, चौघांचे मिळून, प्रवासखर्च सोडून. घरी हा आकडा तोंडातून काढायला मला तीन आठवडे लागले. पोलीस ठाण्यात सांगितला तेव्हा समोरच्या साहेबांचं पहिलं वाक्य होतं, "एवढे पैसे भरून फुकट राबायला कोण जातं?"

आम्ही गेलो. का गेलो तेही ऐका. मी सांगलीची. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर कुठल्या कुठल्या गावांहून आलेल्या पोरांनी आमचा गाळ उपसला, आजीची ट्रंक धुऊन वाळत घातली आणि चहासुद्धा न घेता पुढच्या घरी गेली. तेव्हा मी शाळेत होते. आपणही कुणासाठी असं काही करायचं, हे तेव्हापासून डोक्यात होतं. सिव्हिलचा डिप्लोमा झाला आणि नेपाळमध्ये, सिंधुपाल्चोक जिल्ह्यात, भूकंपात पडलेली शाळा बांधायला स्वयंसेवक हवेत अशी जाहिरात मोबाईलवर दिसली. मला मूर्ख म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

फोनवर बोलणारी ताई मराठी होती, नाशिककडची म्हणाली. "अगं, मी दोनदा जाऊन आलेय, काळजी करू नकोस." आपल्या भाषेत, आपुलकीनं बोलणाऱ्या माणसावर संशय घ्यायला जीभ रेटत नाही, आणि हे लोक नेमकं तेच हेरतात. माणशी नोंदणी २,५००, सहभाग शुल्क २७,०००, विम्याचे १,८५०. चौघांचे १,२५,४००. शिवाय 'साहित्य निधी' आपापल्या गावातून गोळा करायचा. तो आम्ही ६८,४०० जमवला. त्यात एका प्राथमिक शाळेतल्या मुलांनी खाऊच्या पैशांतून दिलेले ४,१३० रुपये होते. माझ्या पैशांचं जाऊ दे, त्या ४,१३० रुपयांनी माझी झोप उडवली आहे.

खातं संस्थेच्या नावाचं नव्हतं, कुठल्या तरी ट्रॅव्हल्सचं होतं. मी विचारलं होतं, अगदीच आंधळी नव्हते. ताई म्हणाली, संस्थेचं एफसीआरएचं काम अडकलंय म्हणून तात्पुरतं हे खातं. एफसीआरए हा कायदा परदेशातून भारतात येणाऱ्या देणगीसाठी असतो. आमचे पैसे तर सांगलीतून जात होते! हे मला नंतर कळलं. पावतीवर ८०जीचा, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळते असं सांगणारा, शिक्काही होता. असा शिक्का दिसला की आयकर खात्याच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव शोधा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि पैसे मागणाऱ्याचं नाव आणि खात्याचं नाव वेगळं असेल तर तिथेच थांबा, त्यासाठी दिलेलं कारण कितीही पटणारं असलं तरी.

पण मला सगळ्यात जास्त जाळतो तो फोटो. ताईनं पाठवलेला, 'सध्याची परिस्थिती' म्हणून. पडक्या भिंती, पत्र्याच्या शेडखाली बसलेली मुलं आणि मागे एक कापडी फलक. त्यावर लिहिलेलं, 'शिलान्यास, २०७३ फागुन'. नेपाळी आपल्यासारखीच देवनागरीत लिहितात, मला प्रत्येक अक्षर वाचता येत होतं. मी ते वाचलं. २०७३ हा आकडा पाहून असेल काहीतरी नोंदणी क्रमांक, असं समजून फोटो पुढे सरकवला. तिकडे विक्रम संवत चालतं. इसवी सनात ५७ मिळवले की झालं, एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या महिन्यांत ५६. भूकंप झाला २५ एप्रिल २०१५ ला, म्हणजे त्यांच्या २०७२ मध्ये. २०७३ चा फागुन म्हणजे २०१७ ची सुरुवात. आम्ही डिसेंबर २०२४ मध्ये निघालो होतो. जवळजवळ आठ वर्षांपूर्वी पायाभरणी झालेल्या शाळेचा पाया खणायला!

दुसरी गोष्ट तर मी शिकलेली आहे. कार्यक्रमात लिहिलं होतं, १२ दिवसांत दोन खोल्या, पायापासून स्लॅबपर्यंत. स्लॅब टाकल्यावर खालचे टेकू किती दिवस काढायचे नसतात, क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, किती दिवस चालतं, हे मी परीक्षेत लिहून आलेय. १२ दिवसांत ते बसत नाही. तरी मनाची समजूत घातली की आधी एक तुकडी येऊन गेली असेल, नंतर दुसरी येईल. माणसाला जायचंच असलं की तो स्वतःलाच उत्तरं पुरवतो.

पुणे ते गोरखपूर रेल्वे, सुनौलीला सीमा पार, मग रात्रभर बस. काठमांडूत एक माणूस घ्यायला आला. त्यानं आल्या आल्या 'स्वयंसेवक परवान्या'चे माणशी ६,००० मागितले, रोख, शंभराच्याच नोटांत, आणि तशा नोटा आणा म्हणून आधीच फोनवर बजावलं होतं. नेपाळनं २०१८ मध्ये शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, त्यामुळे आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही. भारतीयांना नेपाळात जायला व्हिसा लागत नाही, मग हा परवाना कसला, हा प्रश्न माझ्या मैत्रिणीनं विचारला. मीच तिला गप्प केलं. २४,००० दिले. पावती नाही.

दुसऱ्या दिवशी गावात पोचलो. शाळा उभी होती. दुमजली, हिरव्या पत्र्याची, आतून पाढ्यांचे आवाज येत होते. त्या माणसानं आमच्या हातात घमेली आणि थापी दिली, आवाराच्या कडेला पडलेल्या विटांजवळ उभं करून फोटो काढले, कुंपणाच्या भिंतीला रंग द्यायला लावला आणि 'सामान घेऊन येतो' म्हणून गेला तो गेलाच. फोन बंद.

संध्याकाळी हेडसर आले. "बहिनी, स्कुल त पहिले नै बनिसक्यो," म्हणाले. म्हणजे, ताई, शाळा तर आधीच बांधून झालीय. ती भिंत याआधीही अशाच पोरांनी रंगवली होती. शाळेला एक रुपया कधी मिळाला नव्हता. सरांना वाटत होतं की ही सहलीला येणारी मुलं आहेत, हौसेनं रंग देतात. भूकंप शनिवारी झाला, शाळेला सुट्टी होती म्हणून मुलं वाचली, हे सांगताना त्यांचा आवाज अडकला. त्यांनी आम्हाला घरी नेऊन डाळभात वाढला. आमच्याइतकीच त्यांची आणि त्यांच्या शाळेतल्या पोरांचीही फसवणूक झाली आहे, त्यांचं दुःख विकून.

आता पुढचं. तिथल्या पोलिसांनी सांगितलं, पैसे भारतात दिलेत, भारतात तक्रार करा. इथे आल्यावर ऐकलं, घटना नेपाळात घडली, तिकडे करा. अहो, १,९३,८०० रुपये भारतातल्या खात्यातून भारतातल्याच खात्यात गेलेत! मी स्टेटमेंट पुढे केलं, त्यांनी ते उघडूनही पाहिलं नाही. दुसऱ्या फेरीला साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या फेरीला 'हा सायबरचा विषय'. सायबरवाल्यांचं म्हणणं, तुम्ही स्वखुशीनं पाठवलेत, हॅकिंग झालेलं नाही. बँकेत तर काऊंटरवरची बाई म्हणाली, "ओटीपी तुम्हीच टाकला ना?" चौथ्या फेरीला ओळखीच्या वकीलकाकांनी एका कागदावर लिहून दिलं, भारतीय न्याय संहिता कलम ३१८, जुनं ४२०, आणि हद्द कुठलीही असली तरी झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. तो कागद दाखवल्यावर तक्रार घेतली, तीही साधा अर्ज म्हणून. शिक्का मारलेली प्रत मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत. आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या काही तासांत फोन करा. खात्यातले पैसे गोठवले जाण्याची शक्यता तेव्हाच सगळ्यात जास्त असते. आम्ही लाजेपोटी तीन आठवडे घालवले.

जायचंच असेल तर आधी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी स्वतः बोला, मध्यस्थानं दिलेल्या नंबरवर नव्हे. देणगी गोळा करू नका, निदान लहान मुलांकडून तरी नाही.

खाऊचे पैसे देणाऱ्या त्या मुलांचे ४,१३० मी माझ्या पगारातून परत केले. बाकीच्यांचे दरमहा ५,००० असे फेडतेय.

जाहिरात अजून चालू आहे, नव्या तुकडीसाठी. त्यात आता आमचे फोटो आहेत. विटांजवळ निळ्या टी-शर्टमध्ये घमेलं धरून हसणारी, डावीकडून दुसरी मुलगी दिसली, तर ती मी आहे. तो फोटो बघून पैसे भरू नका.