बुरशी शोधत बसलो, सॉकेट दिसलं नाही

आधीच सांगतो, मी नवखा नाही. अकरा वर्षं कॅमेऱ्याचं सेकंडहँड सामान घेतोय. टॉर्च मारून लेन्समधली बुरशी बघणं, शटर काउंट (कॅमेऱ्याने किती फोटो मारलेत) काढणं, सगळं येतं. तरी ६२,७०० रुपये घालवून बसलोय. घरी ५८,५००च सांगितलेत.

भिगवणच्या फ्लेमिंगोंसाठी निकॉनची २००-५०० ही लांबचं टिपणारी लेन्स हवी होती. लिलावाच्या एका साइटवर ५८,५०० पर्यंत बोली नेली, शेवटच्या मिनिटाला कुणीतरी वर गेला. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा मेसेज: घेणारा फिरला, तुमच्या बोलीत देतो, कमिशन कशाला भरायचं, थेट करू. (नंबर मीच प्रश्नाच्या चौकटीत टाकला होता. टाकू नका.) हा डाव जुना आहे, मलाही ठाऊक होता. पण हातची गेलेली वस्तू परत समोर आली की अक्कल गहाण पडते.

माणूस म्हणे कोल्हापूरचा. ‘दादा, निवांत राहा.’ फोटो आला. लेन्स टेबलावर, पुढच्या काचेवर खिडकीचा उजेड. तीनदा मोठा करून पाहिला. बुरशीची जाळी नाही, कोटिंगवर ओरखडा नाही. मी खूश! आणि लेन्सच्या मागे भिंतीवर ढळढळीत सॉकेट: दोन उभ्या चिरा, खाली एक भोक. अमेरिकेतलं. कोल्हापुरात कुणाच्या घरी असतं असलं? चोरलेला फोटो होता आणि मी त्याच्यात बुरशी शोधत होतो.

आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून व्हिडिओ मागायचा असतो. त्याला वाईट वाटेल म्हणून मी मागितला नाही.

२०,००० आगाऊ, मग ३८,५००. यूपीआयवर नाव भलत्याच बाईचं आलं; म्हणे मेव्हणीचं खातं. तिथेच थांबायचं. वर ४,२०० ‘विम्याचे, पार्सल मिळालं की परत’. ते का दिले, याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्यानंतर फोन बंद.

फसवलं गेलात तर १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा. मी दोन दिवस पार्सलची वाट बघत बसलो, तोवर खातं रिकामं. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. साइट म्हणते, व्यवहार आमच्याबाहेरचा. पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत नाही, सायबरला जा’. सायबरवाले म्हणतात, आधी ठाण्यातून या. अहो, हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची असं २०२४ पासून कायद्यातच लिहिलंय, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३! साहेबांनी शांतपणे विचारलं, ‘लेन्स म्हणजे चष्म्याची? एवढी महाग?’ चार खेपा, चार अर्धे दिवस रजा, आणि हातात एक पोचक्रमांक.

परवा तोच फोटो पुन्हा लिलावात दिसला, सॉकेटसकट. विक्रेता आता साताऱ्याचा आहे. साइटला कळवलं. संध्याकाळपर्यंत बोली ४१,००० वर गेली होती.