व्हॉल्व ऑइलचा आठ महिन्यांचा अनुभव: बाबांचं जुनं ट्रम्पेट आणि माझं नवं

आमच्या कळव्याच्या घरात दोन ट्रम्पेट आहेत. एक बाबांचं, मेरठमध्ये बनलेलं, लग्नाच्या बॅन्डमध्ये तीस वर्षं वाजलेलं. दुसरं माझं, यामाहाचं वायटीआर-२३३०, त्यात मोनेलचे, म्हणजे निकेल आणि तांब्याच्या मिश्रधातूचे पिस्टन. स्वर बदलायला बोटाने दाबतो ती कळ म्हणजे व्हॉल्व, आणि तिच्या नळ्यात वरखाली सरकतो तो पिस्टन. गेल्या जूनमध्ये माझा दुसरा व्हॉल्व दाबल्यावर वर यायला वेळ लावू लागला. वेगाच्या जागी स्वर उशिरा पडायचा. मग तेलाचा नीट विचार केला आणि तेव्हापासून दोन्ही वाद्यांवर यामाहाचं सिंथेटिक व्हॉल्व ऑइल वापरते आहे.

आधी घरात काय चालायचं तेही सांगते, कारण बऱ्याच बॅन्डवाल्यांकडे अजून तेच चालतं. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, रॉकेल, आणि काहीच हाताशी नसलं तर थुंकी. रॉकेल पातळ असल्यामुळे पिस्टन लगेच धावतो, पण ते लवकर उडून जातं आणि वास थेट नाकाखाली राहतो. मशीनचं तेल जाड, त्यात बोटं जड होतात. खोबरेल सगळ्यात वाईट. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. जानेवारीत बाथरूममधली बाटली कशी घट्ट होते ते आपण सगळे बघतो, पहाटेच्या वाजवण्याला पिस्टनवर तेच होतं.

पिस्टन आणि त्याच्या नळ्यामधली फट केसाच्या जाडीहूनही कमी असते. तेलाचं काम नुसतं घसरवण्याचं नाही, त्या फटीतून हवा गळू न देण्याचंही आहे. म्हणून नव्या, घट्ट व्हॉल्वला पातळ तेल आणि झिजलेल्याला दाट. यामाहात लाइट, रेग्युलर आणि व्हिंटेज असे तीन प्रकार मिळतात ते याचसाठी. मला रेग्युलर बरोबर बसलं. पहिल्या दिवशी मी तेच बाबांच्या वाद्यात घातलं. पिस्टन छान पळाले, पण खालचे स्वर फुसफुसत राहिले. नंतर व्हिंटेज आणलं. बाबांनी मंद्रातला सा लांब धरला, ट्रम्पेट खाली ठेवलं आणि म्हणाले, "अगं, हवा राहतेय आत." इतकी वर्षं ते जास्त फुंकर घालून ती गळती भरून काढत होते, हे मला त्या संध्याकाळी कळलं. या एका फरकासाठी मी व्हिंटेजची शिफारस कुणालाही करेन.

पण तेलाआधी धुणं. माझी सुरुवातीची चूक हीच होती. जुनं, पेट्रोलियमचं तेल आत असतानाच वरून सिंथेटिक घातलं. चार दिवसांत दोन्हींचा चिकट थर झाला आणि व्हॉल्व पहिल्यापेक्षा जास्त अडकू लागला. तेल बदलायचं तर आधी सगळं उघडा. पिस्टन, स्प्रिंगा, खालच्या टोप्या, ट्यूनिंगच्या नळ्या सुट्या करा. फेल्ट, म्हणजे कळांच्या खालच्या मऊ चकत्या, ओल्या होऊ देऊ नका. बादलीत कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब पुरतात. गीझरचं कढत पाणी नको, लॅकर, म्हणजे पितळेवरचा चमकदार लेप, उडतं. नळ्यांमधून लवचीक ब्रश फिरवा, रात्रभर सुकू द्या, मग ट्यूनिंगच्या नळ्यांना ग्रीस लावा. व्हॉल्व ऑइल तिथे चालत नाही. पिस्टनवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात, ते बघूनच परत बसवा. क्रम चुकला तर भोकं जुळत नाहीत आणि हवा पुढे जात नाही.

तेल घालताना पिस्टन सरळ वर काढायचा, अंगावर दोन-तीन थेंब, आत सोडून 'टिक' असा खाचेत बसेपर्यंत हलकेच फिरवायचा. खालच्या टोपीच्या भोकातून तेल सोडणारे पुष्कळ आहेत. त्या टोपीतच सगळा मळ साठलेला असतो, तो तेलाबरोबर पिस्टनला लागतो.

अनंत चतुर्दशीला ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या बाजूला आमची मिरवणूक होती. पाऊस आणि गुलाल दोन्ही. दुसऱ्या दिवशी टोपी उघडली तर आत गुलाबी लगदा. बारीक पूड तेलात मिसळली की पिस्टनवर ओरखडे पडतात, त्यामुळे अशा दिवसानंतर त्याच रात्री उघडून जुन्या धोतराच्या मऊ कापडाने पुसायलाच हवं. आमच्या ओळखीच्या एका वादकाचा व्हॉल्व अडकत होता, तर दुरुस्तीवाल्याने पितळ चमकवायची पेस्ट लावून पिस्टन घासून दिला. अडकणं थांबलं, पण फट कायमची वाढली. ते बघून मला फार वाईट वाटलं, कारण त्या पिस्टनला फक्त धुण्याची गरज होती.

मला जमलेला क्रम असा: वाजवण्याआधी रोज तेल, आठवड्याला पुसणं, महिन्याला धुणं. पावसाळ्यात पंधरवड्याला, कारण खाडीकडच्या दमट हवेत आमच्याकडे नळ्यांत हिरवट थर लवकर धरतो. वाजवण्याआधी चूळ भरा. लग्नात जिलेबी खाऊन तसंच वाजवायला घेतलं की साखर लाळेबरोबर थेट व्हॉल्वपर्यंत जाते.

सलग तीन-चार तास वाजवायचं असेल तर मध्ये एकदा पुन्हा तेल घालावं लागतं, लाळेने ते धुऊन जातंच. ६० मिलीची बाटली असते. आठवड्याला पाच दिवस रियाज करून माझी रेग्युलरची दुसरी बाटली अर्ध्यावर आली आहे. बाबांची व्हिंटेज अजून पहिलीच चालू आहे, आणि तुळशीच्या लग्नानंतर ते पुन्हा संध्याकाळी खिडकीत बसून वाजवायला लागले आहेत.