ट्रॅक्टरच्या टोचन हूकमध्ये १५,७०० रुपयाला गेलो, ऑर्डर देण्याआधी वाचा

भावांनो, लाज वाटते सांगायला. आम्ही चोपडा तालुक्यातले, केळीवाले. पावसाळ्यात काळ्या मातीत भरलेली ट्रॉली फसली की टोचन लावून ओढावी लागते, त्यात जुना हूक वाकला, म्हणून जड हिच (ट्रॅक्टरमागचा ओढायचा जोड) बनवायचा होता. इन्स्टावरचा एकजण डिझाईन करून द्यायचा. ड्रॉइंग पाठवलं, ६०० बाय १५०च्या दोन पट्ट्या, जाडी २५ एमएम, वर टेस्ट सर्टिफिकेट. आधी ८,५०० घेतले, मग कटिंग झालं म्हणून ६,०००, ट्रान्सपोर्टचे १,२००. असं ड्रॉइंग बघून कोणीही पैसे टाकले असते.

माल आला तेव्हा मी एका हाताने उचलला. आण्णा तिथेच म्हटले, "पोऱ्या, हाई ते हलकं शे." मी टेप लावला, कडेला बरोबर २५ भरली, आणि आण्णांनाच गप्प केलं. ते अजून टोचतं. १ चौरस मीटर लोखंड १ एमएम जाडीला ७.८५ किलो भरतं, म्हणजे नुसत्या दोन पट्ट्याच ३५ किलोच्या व्हायला पाहिजे होत्या. कापसाच्या काट्यावर ठेवला असता तरी कळलं असतं!! नंतर ठेवला, पिनसकट २६ किलो. आत १६ एमएमची पट्टी, कडेला जाड पट्टी वेल्ड करून पुट्टी आणि पिवळा रंग. पहिल्याच ओढीत पिनजवळ फाटला. मागे माणूस नव्हता म्हणून वाचलो. रंग मारलेला माल घेऊच नका, वेल्डिंग उघडं बघा.

आणि पिन मागच्या अॅक्सलच्या सेंटरच्या वर ठेवली होती त्याने, जोर लागला की पुढची चाकं उचलतात, ट्रॅक्टर मागे उलटून माणूस मरतो. हे मला मिस्तरीने नंतर सांगितलं. पिन नेहमी सेंटरच्या खाली पाहिजे.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे दिवाणी मॅटर आहे. सायबरला पाठवलं, तिथे म्हणे वस्तू मिळाली ना, मग फ्रॉड कसला. अरे वस्तू नाही, फाटलेलं लोखंड मिळालं! बँकवाले म्हणे पैसे पाठवताना पिन नंबर तुम्हीच टाकला. तीन चकरा, दिवसभर बाकड्यावर, साधी पोचसुद्धा नाही, आणि एक साहेब तर हसला, ट्रॅक्टर कमर्शियल आहे म्हणे ग्राहक कोर्टात चालणार नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९च्या ग्राहक कायद्यात चालते, आणि ५ लाखापर्यंत फी पण नाही. पैसे गेले की लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा, मी आठ दिवस त्याच्या "उद्या परत करतो"वर बसलो.

तुकडे तसेच ठेवलेत, काट्याची पावती सोबत बांधून. सोमवारी जळगावला जातोय तक्रार टाकायला.